सत्तर पार्सलं ते एकोणतीस: वसईतल्या एका घराचा नाताळ

हे आमच्याच घरातलं प्रकरण आहे. घर वसईतलं, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आणि ज्या धाकट्या जावेचा यात सगळ्यात जास्त उल्लेख येणार आहे तिला आधी वाचायला देऊन, तिने दोन वाक्यं काढायला सांगितली ती काढून मग हे टाकतेय. मी एका पतपेढीत काउंटरला काम करते, त्यामुळे आकडे लिहून ठेवायची सवय आहे, आणि तीन वर्षांचे नाताळचे हिशेब एका वहीत आहेत म्हणून हे इतकं नीट सांगता येतंय.

ज्यांना नाताळ म्हणजे मॉलमधलं झाड आणि लाल टोपी एवढंच माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. आम्ही कुपारी, म्हणजे सामवेदी ख्रिस्ती. वसईत पोर्तुगीज 1534 ला आले आणि 1739 ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, धर्म राहिला तसा बाकीचंही सगळं राहिलं, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) मराठीत, गाणी मराठीत, सासूबाई अजून सणाला लाल लुगडं नेसतात. आणि नाताळ आमच्याकडे अगदी दिवाळीसारखा, करंज्या, कलकल, मिल्क क्रीम, नवे कपडे, दारात कंदील, अंगणात येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा, पाहुण्यांची रीघ. गिफ्टचं प्रस्थ मात्र जुनं नाही. सासूबाई सांगतात त्यांच्या लहानपणी वडील वाडीतली फुलं घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जायचे, नाताळच्या आधी येताना एकाच कापडाचा तागा आणायचे आणि चारही बहिणींना त्यातले फ्रॉक शिवायचे, तीच भेट, तोच सण. वेष्टनात गुंडाळलेलं पार्सल त्यांनी पहिल्यांदा बघितलं ते लग्नानंतर.

आता घराची मांडणी. सासूबाई (आई), तीन मुलगे, दोन मुली, सगळ्यांची लग्नं झालेली, म्हणजे पाच घरं. मोठे भावजी बरीच वर्षं मस्कतला होते, आता परत आलेत, परिस्थिती चांगली. मधले आम्ही. धाकटे भावजी वसई पूर्वेच्या गाळ्यांमधल्या एका कंपनीत. दोन नणंदा, एक जवळच, एक नालासोपाऱ्याला. मुलं एकूण नऊ. आई धरून वीस माणसं.

2022 चा नाताळ

त्या वर्षी 25 डिसेंबरला रविवार होता, सगळे निवांत होते, आणि दुपारी मोठ्यांच्या हॉलमध्ये पार्सलं उघडायला बसलो तेव्हा माझ्या मुलीने, ती तेव्हा चौदाची, सहज मोजायला सुरुवात केली. सत्तर. मला पटेना म्हणून घरी येऊन कागदावर मांडलं. प्रत्येक घर नऊही मुलांना देतं, स्वतःच्या धरून, म्हणजे पाच नवे पंचेचाळीस. प्रत्येक घर बाकीच्या चार घरांतल्या नवराबायकोला मिळून एक देतं, पाच चोक वीस. आणि आईला पाचही घरांकडून एकेक. सत्तर बरोबर. बारा बाय दहाच्या खोलीत सत्तर पार्सलं, संध्याकाळी नुसते चमकीचे कागद आणि सेलोटेप यांचं एक पोतं भरलं, ते आई दुसऱ्या दिवशी वाडीत जाळायला निघाली तर प्लास्टिकचा धूर होईल म्हणून भावजींनी थांबवलं.

आमच्या एका घराचा त्या नाताळचा खर्च वहीतून उतरवते. चौघांचे कपडे 14,200. चौदा भेटवस्तू 7,850. फराळाचं सामान 4,600. केक आणि वाईन 2,300. लायटिंग, नवा स्टार, प्लास्टिकचं झाड 3,150. ऑफिस आणि शेजारी यांना द्यायचे पॅक केलेले हॅम्पर 3,900. जेवणखाण, मटण वगैरे 5,400. एकूण 41,400.

यातले 24,000 नवऱ्याच्या क्रेडिट कार्डावर होते. जानेवारीत मुलांच्या क्लासची फी आली म्हणून आम्ही फक्त मिनिमम भरलं. मिनिमम म्हणजे 5 टक्के, 1,200 रुपये. व्याज महिना साडेतीन टक्के, ते झालं 840, त्यावर 18 टक्के जीएसटी साधारण 151. म्हणजे 1,200 भरले त्यातले 991 असेच गेले आणि मुद्दल कमी झालं जेमतेम 209 रुपयांनी. मी दिवसभर लोकांना व्याजाचे तक्ते समजावून सांगते आणि माझ्या घरात हे चाललं होतं, हे मला त्या महिन्यात फार लागलं. ते कार्ड शेवटी जूनमध्ये फिटलं, म्हणजे नाताळ संपून सहा महिने झाले तरी आम्ही नाताळच फेडत होतो.

मार्चमध्ये मी अजून एक केलं, घरातल्या कपाटात आलेल्या भेटींपैकी काय वापरात आहे ते बघितलं. तीन सारखे डबे, दोन मगचे सेट न उघडलेले, एक फोटोफ्रेम ज्यात अजून दुकानातलाच फोटो. रिमोटची गाडी दोन आठवड्यांत बंद पडलेली. मुलीच्या तीन गोष्टी मात्र रोजच्या वापरात, आणि त्या तिन्ही तिच्या धाकट्या आत्याने दिलेल्या, कारण ती आत्या तिच्याशी रोज फोनवर बोलते, तिला काय हवंय हे आत्याला माहीत असतं. जोएल वॉल्डफोगल नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1993 मध्ये याच विषयावर एक निबंध लिहिलाय, येलच्या विद्यार्थ्यांना विचारून. भावनेची किंमत बाजूला ठेवली तर भेट घेणाऱ्याला ती जेवढ्याची वाटते तो आकडा देणाऱ्याने मोजलेल्या पैशांपेक्षा दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी भरतो, आणि सगळ्यात जास्त तूट काका, मामा, आत्या, आजी-आजोबा यांच्या भेटींत, सगळ्यात कमी मित्रांच्या. आमच्या कपाटात हेच दिसत होतं, फक्त आमची आत्या मैत्रिणीसारखी निघाली.

पण एवढं सगळं दिसूनही मी 2023 मध्ये काही बोलले असते असं मला वाटत नाही. एकत्र कुटुंबात "गिफ्ट बंद करूया" म्हणणं फार अवघड असतं. जो म्हणेल तो चिक्कू ठरतो, नाहीतर अडचणीत आलाय असं समजतात.

काउंटरवर आलेली जाऊ

2023 च्या ऑगस्टपासून धाकट्या भावजींच्या कंपनीत पगार थकला. घरात कुणालाच माहीत नव्हतं. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी माझ्या काउंटरला धाकटी जाऊ उभी. मला वाटलं मलाच भेटायला आली. तिने पर्समधून रुमाल काढला, रुमालात दोन बांगड्या, आणि हळू आवाजात विचारलं, सोनेतारणाला काय काय लागतं, किती दिवसांत मिळतात. मी विचारलं कशाला गं, तर म्हणाली,

"नाताळ काढायचाय, वहिनी. चौदा गिफ्ट आहेत. मुलांचे कपडे आहेत. ह्या वर्षी नाही दिलं तर सगळ्यांना कळेल."

मी तिला फॉर्म दिला नाही. थोडे दिवस थांब म्हणलं. पण अडचण अशी की पतपेढीत बसून जे कळतं ते बाहेर बोलायचं नाही, घरात तर अजिबातच नाही, आणि ती माझी जाऊ असली तरी त्या क्षणी ती खातेदार होती. मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. तिला उसने पैसे देऊ केले असते तर तिने घेतले नसते, मी ओळखते तिला, आणि घेतले असते तरी पुढचं वर्षभर माझ्यासमोर मान खाली घालून वावरली असती.

त्या रात्री मला संत निकोलसची गोष्ट आठवली, जी आम्हाला लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगायचे. मायराचा बिशप, चौथ्या शतकातला, आताच्या तुर्कस्तानात. एका माणसाला तीन मुली, हुंड्याला पैसे नाहीत, तर निकोलसने रात्री अंधारात, कोण देतंय ते कळणार नाही अशा बेताने त्यांच्या घरात सोन्याच्या पुरचुंड्या टाकल्या. पुढे याच निकोलसचा सांताक्लॉज झाला. मला लहानपणी त्यातलं सोनं लक्षात राहिलं होतं. आता वाटलं खरी गोष्ट अंधाराची आहे, त्या बापाला कुणासमोर हात पसरावा लागला नाही याची.

आणि तिथे मला उमगलं की जावेला काटकसर करायची मुभा आमच्यापैकी कुणीतरी दिली पाहिजे, ती स्वतः मागू शकत नाही. ज्याच्याकडे नाहीये त्याने "यंदा कमी करूया" म्हटलं तर त्याची परिस्थिती उघडी पडते. ज्याच्याकडे आहे त्याने म्हटलं तर तो नुसता एक विचार असतो. या प्रकरणात मला जे काही सांगायचंय ते एवढंच आहे, बाकी सगळा तपशील. कमी खर्चाचा विषय घरातल्या सुस्थितीतल्या माणसाच्या तोंडून निघायला हवा, आणि आमच्या घरात ते माणूस म्हणजे मोठे भावजी, आणि तेच सगळ्यात मोठ्या मनाने सगळ्यात महाग गिफ्ट देणारे.

आईकडे आधी गेले

थेट भावजींकडे जायची माझी हिंमत नव्हती. आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती, मी शेजारी बसले आणि म्हणलं, आई, यंदा गिफ्टचं जरा आवरतं घेऊया का, आमचं मागच्या वर्षीचं कार्ड जूनपर्यंत चाललं. मी माझंच उदाहरण दिलं, खोटं काहीच नव्हतं त्यात. आईने सुपातून मान वर केली नाही, म्हणाली,

"कुणाचं अडलंय?"

मी म्हणलं आमचंच. ती थोडा वेळ खडे वेचत राहिली आणि मग म्हणाली, "बरं. नको सांगूस. मी बघते."

3 डिसेंबरला आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या तयारीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार होता. दरवर्षी त्या दिवशी मिस्सा झाला की सगळी पाचही घरं आईकडे जेवायला असतात, जांभळी मेणबत्ती लावायची आणि नाताळचं कुणी काय करायचं ते ठरवायचं. जेवणं झाल्यावर आईने सांगितलं की मला या वर्षी पाच गिफ्ट नकोत, एकच द्या, आणि मुलांनासुद्धा एकेकच, नावं चिठ्ठीने काढा. मोठ्या भावजींचा चेहरा पडला. ते म्हणाले,

"आई, मी कमावतो ते कुणासाठी? मी कधी कुणाला म्हणलो का परत द्या म्हणून?"

"तू नाही म्हणालास रे. पण तू अठराशेची गाडी आणलीस की ह्यांना तीनशेचं काही आणायला लाज वाटते."

कुणी काहीच बोललं नाही. मी जावेकडे बघायचं टाळलं. भावजी उठून मागच्या पडवीत गेले, मला वाटलं आता बिनसलं. पाच-सात मिनिटांनी आत आले, स्टीलचा डबा घेऊन, आणि म्हणाले, चला, चिठ्ठ्या कुठायत. हे त्यांनी जे केलं ना, त्याची किंमत मला त्या सगळ्या वर्षांच्या गिफ्टांपेक्षा जास्त वाटते. त्यानंतर नियमही त्यांनीच सांगायला सुरुवात केली, आणि एकदा मोठ्या माणसाने सांगितलं म्हटल्यावर तो घराचा नियम झाला.

नियम असे ठरले. वीस नावं, प्रत्येकाने एक उचलायचं, स्वतःच्या घरातलं नाव आलं तर परत टाकायचं. तीनशे रुपयांच्या आत, नाहीतर हाताने केलेलं, नाहीतर घरातलंच जुनं पण नीट केलेलं. आईबापांनी आपापल्या मुलाला पाचशेपर्यंत एक वेगळं द्यायचं. वीस आणि नऊ, एकोणतीस. कागद नवा आणायचा नाही, वर्तमानपत्र, जुनी ओढणी, केळीचं सोपट काहीही चालेल.

आईने एक गोष्ट बजावली, वाडीत कामाला येणाऱ्या दोन बायकांचं साडीचं आणि फराळाचं काही कमी करायचं नाही. ते पैसे ती तिच्या केळीच्या पैशांतून देते म्हणून माझ्या हिशेबात नाहीत, पण मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण बचत करायची म्हटली की पहिली कात्री अशाच ठिकाणी लागते जिथून कुणी उलट बोलत नाही.

फराळ आणि गोठा

17 तारखेच्या रविवारी पाचही घरांचा फराळ एकत्र केला. आधी प्रत्येक घर वेगळं करायचं, म्हणजे पाच ठिकाणी तेल तापायचं, पाच ठिकाणी उरायचं, आणि मग पाच घरांतून तेच पाच पदार्थ एकमेकांकडे फिरायचे, माझी करंजी तुझ्याकडे, तुझी करंजी माझ्याकडे. सामान घाऊक आणलं. मैदा, रवा, साखर, काजू, तेल, नारळ तर वाडीतलेच. मोठी जाऊ आणि नालासोपाऱ्याची नणंद करंज्यांना बसल्या, मुलांना कलकल दिले. कलकल म्हणजे मैदा-रव्याच्या, नारळाच्या दुधात मळलेल्या पिठाची छोटी गोळी, ती काट्याच्या पाठीवर नाहीतर नव्या धुतलेल्या कंगव्यावर अंगठ्याने दाबत पुढे ढकलायची, की ती स्वतःभोवती गुंडाळून शिंपल्यासारखी होते आणि तिच्यावर रेघा उमटतात. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने पहिल्या अर्ध्या तासात एकही धड केली नाही, मग त्याला जमलं, आणि नंतर तो उठेचना. मिल्क क्रीमला मी आणि धाकटी जाऊ बसलो, कारण ते सतत ढवळावं लागतं, दूध आटलं, साखर गेली, काजूची पूड गेली की गोळा कढईचा तळ सोडेपर्यंत हात थांबवायचा नाही, आणि दोघी असलो की आलटून पालटून होतं. त्या दीड-दोन तासांत तिने मला पगाराचं सगळं सांगितलं. काउंटरला सांगितलं नव्हतं ते कढईपाशी सांगितलं.

आमच्या वाट्याला फराळाचा खर्च आला 3,100. मागच्या वर्षी 4,600 होता, आणि या वेळी डबे उलट जास्त भरले. त्यातूनच ऑफिसच्या आणि शेजारच्या मंडळींना दिलं, बाजारातले हॅम्पर बंद, फक्त बरण्या आणि दोरा मिळून 900 गेले. एका सहकारी बाईंनी सांगितलं की आधीच्या वर्षीची ती चकचकीत टोपली तशीच पुढे दुसऱ्याला दिली होती, करंज्या मात्र डब्यातून घरी पोचेपर्यंत अर्ध्या संपल्या.

गोठ्याचं तर मला फार बरं वाटलं. 2023 ला बरोबर 800 वर्षं झाली होती, 1223 मध्ये असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावात पहिला गोठा केला, गव्हाणीत गवत, खरा बैल, खरं गाढव, बस. गरिबीत जन्मलेल्या बाळाचा देखावा, आणि आम्ही त्यावर मागच्या वर्षी लायटिंग धरून 3,150 घातले होते. या वेळी मुलांनी पेंढा वाडीतून आणला, बांबूच्या कामट्यांचा आणि पतंगाच्या कागदाचा स्टार केला, आणि शेताच्या हिरवळीसाठी 12-13 तारखेला जुन्या ट्रेमध्ये माती घालून नाचणी पेरली. हे आमच्याकडे जुनंच आहे, पण मधल्या वर्षांत आम्ही हिरवा प्लास्टिकचा गालिचा आणायला लागलो होतो. नाचणी रोज थोडं पाणी मारलं की आठ-दहा दिवसांत बोटभर उंच येते, दाट, मऊ, सकाळी तिच्या टोकांवर पाण्याचे थेंब असतात. खर्च 350, तोसुद्धा एक बल्बची माळ बिघडली म्हणून.

तीनशेच्या आतल्या भेटी

सगळ्या वीस सांगत नाही. काही साध्याच होत्या, पुस्तक, डायरी, जास्वंदीची कुंडी, एका नणंदेने सुकेळी (सुकवलेली केळी) सोपटात बांधून दिली.

आईच्या चिठ्ठीत माझ्या मुलीचं नाव आलं. आईने ट्रंकेतून तिचं एक जुनं लाल लुगडं काढलं, वापरून इतकं मऊ झालेलं की हातात पाण्यासारखं वाटतं, चौकड्या फिकटलेल्या पण काठ अजून पक्का. त्याची गल्लीतल्या शिलाईवालीकडून झोळी शिवून घेतली, आतून अस्तर, खांद्याच्या पट्ट्याला तो काठ. शिलाई 250. उघडली तेव्हा डांबरगोळीचा वास आला खोलीभर. मुलगी आता अकरावीला आहे, कॉलेजला रोज तीच नेते, लोकलमध्ये एका बाईंनी कुठून घेतली विचारलं तर म्हणाली आजीने नेसलेली आहे.

मोठ्या भावजींना धाकट्यांच्या मुलाचं नाव आलं. तेरा वर्षांचा मुलगा, त्याची सायकल वर्षभर पडवीत गंजत पडलेली, दोन्ही ट्यूब गेलेल्या, ब्रेक नाही. भावजींनी जावेला विश्वासात घेऊन ती उचलून नेली आणि मुलाला कळलं की सायकल भंगारात दिली, बिचारा दोन दिवस गप्प होता. भावजींनी दोन रविवार घातले. रॉकेल नव्हतं म्हणून डिझेलमध्ये चेन बुडवून ठेवली, पॉलिश पेपरने रिम घासली, नव्या ट्यूब, ब्रेकचे रबर, केबल. 420 रुपये झाले, म्हणजे मर्यादा मोडली, आणि मुलांनी तिथल्या तिथे हरकत घेतली. पण 25 तारखेला दुपारी चादर काढली तेव्हा त्या मुलाने आधी घंटी वाजवून बघितली, मग ब्रेक दाबला, आणि मग एकदम जाऊन मोठ्या काकांच्या पोटाला मिठी मारली. अठराशेच्या गाड्या दरवर्षी मिळायच्या तेव्हा तो "थँक्यू काका" म्हणून पुढचं पार्सल उघडायला घ्यायचा.

जे चुकलं

माझ्या मुलाला मोठ्या नणंदेच्या यजमानांकडून जिगसॉ पझल मिळालं, तो बघून गप्प झाला. संध्याकाळी शेजारच्या मुलाकडे रिमोटची मोठी गाडी आली आणि मग रडायला लागला, आणि रात्री झोपताना विचारलं, "मम्मी, आपण गरीब झालो का?" मला उत्तर देता आलं नाही लगेच. आम्ही मोठ्यांनी सगळं आपापसात ठरवलं आणि मुलांना फक्त चिठ्ठ्या उचलायला लावल्या, का करतोय हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. ही चूक पूर्ण माझी होती. 2024 ला वहीच मुलांसमोर ठेवली, कार्डाचे ते 1,200 आणि 209 पण दाखवले, आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ते कळतं, लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त कळतं. त्याने स्वतःच सांगितलं की मला चार छोट्या वस्तू नकोत, एकच चालेल पण मला विचारून आणा. त्यामुळे आता मुलांनी आपापल्या नावाच्या चिठ्ठीवरच दोन-तीन गोष्टी लिहायच्या असा नियम आहे. वॉल्डफोगलची तूट याने बऱ्यापैकी भरून निघते, असं मला वाटतं.

दुसरं, जवळ राहणाऱ्या नणंदेचा प्रश्न सुटलेला नाही. माहेरी तिचा खर्च कमी झाला पण सासरी अजून जुनीच पद्धत आहे, तिथे ती धाकटी सून, तिने विषय काढला की तिचंच तोंड दिसतं. तिच्या मोठ्या दिरांशी बोलेल असं कुणीतरी हवंय. आम्ही बाहेरून काही करू शकत नाही, आणि तिला "तू बोल ना" म्हणणं सोपं आहे म्हणून मी ते म्हणत नाही.

आणि कपडे. 2023 ला मी माझी साडी घेतली नाही, नवऱ्याने शर्ट घेतला नाही, मुलांचे घेतले, 6,100. नवरा काही बोलला नाही पण मिस्साला जाताना जुना शर्ट इस्त्री करताना त्याला बरं वाटत नव्हतं हे मला दिसलं. सणाला अंगावर नवं काहीतरी हवं, हे मला पटतं. पुढच्या वर्षी दोघांचं साधं का होईना नवीन घेतलं.

हिशेब

2023: कपडे 6,100, भेटी 2,050, फराळ 3,100, केक-वाईन 1,400, सजावट 350, बरण्या 900, जेवण 4,900. एकूण 18,800. मागच्या वर्षीपेक्षा 22,600 कमी, कार्डावर शून्य. जेवणात फारसं कमी केलं नाही, करायचंही नव्हतं, वीस माणसं एका पंगतीला बसतात तिथे मटण मोजून वाढायचं नसतं. 2024 ला 20,150 झाले, मुख्य वाढ कपड्यांची.

उरलेल्या पैशांचं काय झालं हेही सांगते, कारण नाहीतर वाचलेला पैसा कुठेतरी विरून जातो. 2024 च्या जानेवारीपासून पाचही घरांनी दरमहा 500 ची आरडी सुरू केली, ज्याच्या त्याच्या नावावर, मुदत अकरा महिने, डिसेंबरच्या सुरुवातीला हातात येईल अशी. भिशी करूया असंही निघालं होतं पण भिशीत एखाद्याचा हप्ता चुकला की ते सगळ्यांना कळतं, आणि ते मला नको होतं. आरडीत ज्याचं त्याच्यापाशी.

धाकट्या भावजींनी फेब्रुवारीत ती कंपनी सोडली, दुसरीकडे लागले. थकलेल्या पगारातला काही भाग मिळाला, काही अजून नाही. बांगड्या तारण ठेवाव्या लागल्या नाहीत.

2025 ला 30 नोव्हेंबरला आगमनकाळाचा पहिला रविवार होता. स्टीलचा डबा आता मोठे भावजी स्वतःच आणून ठेवतात. सगळ्यांनी चिठ्ठ्या उचलल्या, आपापल्या कोपऱ्यात जाऊन उघडल्या. भावजींनी त्यांची उघडली, बघितली, घडी करून खिशात टाकली आणि धाकट्या जावेला विचारलं, तुमच्याकडे ती जुनी शिलाई मशीन आहे ना, पायवाली, तिचा पट्टा तुटलाय म्हणालीस ना मागे. ती म्हणाली हो, का? ते म्हणाले काही नाही, सहज विचारलं.